विलेपार्ल्याचा अर्धाच सांगितला जाणारा इतिहास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विधानसभेची निवडणूक जवळ आली की मुंबई उपनगरातील एकेका मतदारसंघाचा लेखाजोखा वृत्तपत्रांतून येऊ लागतो. विलेपार्ल्याविषयी लिहिताना डिसेंबर १९८७ ची पोटनिवडणूक हटकून आठवली जाते, पण ती ‘हिंदुत्वाच्या मुद्द्यावर जिंकलेली निवडणूक’ एवढ्या एका ओळीत आटोपली जाते. ती निवडणूक पुढे न्यायालयाने रद्द ठरवली, ही गोष्ट मात्र बहुतेक वेळा गळून पडते. पार्ल्याचा मतदार म्हणून मला हे खटकते.

महापालिका १९८५ मध्ये शिवसेनेच्या ताब्यात आली होती आणि पोटनिवडणुकीतील सेनेचे उमेदवार डॉ. रमेश प्रभू हे त्या वेळी मुंबईचे महापौर होते. समोर काँग्रेसचे प्रभाकर कुंटे होते. आज अनेकांना ठाऊक नसते, पण भारतीय जनता पक्षाचा पाठिंबा तेव्हा सेनेला नव्हता, जनता पक्षाच्या उमेदवाराला होता. सेना आणि भाजप यांची युती व्हायला १९८९ साल उजाडावे लागले. १३ डिसेंबरला मतदान झाले, दुसऱ्या दिवशी डॉ. प्रभू विजयी घोषित झाले आणि कुंटे यांनी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली.

याचिकेचा रोख बाळासाहेब ठाकरे यांच्या प्रचारसभांतील भाषणांवर होता. २९ नोव्हेंबर ते १० डिसेंबर १९८७ या बारा दिवसांत झालेल्या तीन भाषणांत उमेदवाराच्या धर्माच्या आधारे मते मागितली गेली आणि धार्मिक वैमनस्य वाढवले गेले, असे मानून मुंबई उच्च न्यायालयाने ७ एप्रिल १९८९ रोजी निवडणूक रद्दबातल ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी हा निर्णय कायम केला. न्या. जगदीश शरण वर्मा यांनी लिहिलेले हे तेच निकालपत्र, ज्यातील ‘हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे’ या आशयाचे विधान गेली तीस वर्षे व्यासपीठांवरून ऐकवले जाते. केवळ हिंदुत्व हा शब्द उच्चारल्याने भ्रष्ट आचार (निवडणूक कायद्याने निषिद्ध मानलेला गैरप्रकार) सिद्ध होत नाही, भाषणाचा संदर्भ पाहावा लागतो, असे न्यायालयाने म्हटले हे खरेच. परंतु तो संदर्भ तपासूनच त्याने पार्ल्यातील भाषणे कायद्याबाहेरची ठरवली. त्याच दिवशी तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांची दादरमधील १९९० ची निवड मात्र त्याने वैध ठरवली. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले म्हणजे न्यायालयाने रेषा कुठे आखली ते समजते. एक वाक्य उचलून बाकीचे पान मिटवणे हा त्या निकालावर आणि वाचकांवर अन्याय आहे.

याहून गंभीर बाब विलंबाची आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८६ नुसार निवडणूक याचिकेची सुनावणी सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हायला हवा, तर कलम ११६ सी नुसार सर्वोच्च न्यायालयातील अपील तीन महिन्यांत निकाली निघावे, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात पार्ल्याच्या निवडणुकीचा अंतिम निकाल आठ वर्षांनी लागला, तोवर ती विधानसभा केव्हाच संपली होती आणि मध्ये दोन सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्या होत्या. भ्रष्ट आचाराबद्दल ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेणारा राष्ट्रपतींचा आदेश तर १९९९ मध्ये निघाला. शेजारच्या सांताक्रूझची कथा याहून लांबली. अभिराम सिंह यांच्या तेथील १९९० च्या निवडीवरून उद्भवलेला कायद्याचा प्रश्न सात न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला आणि २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सुटला. उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मते मागता येणार नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले. पण तोवर सांताक्रूझ नावाचा विधानसभा मतदारसंघ पुनर्रचनेत नाहीसा झाला होता.

२००९ मध्ये पार्ल्यातून काँग्रेसचे कृष्णा हेगडे आणि २०१४ पासून सलग तीनदा भाजपचे पराग अळवणी निवडून आले, ही माहिती आपल्या वाचकांना सहज मिळते. माझी विनंती एवढीच की, मतदारसंघाची ओळख छापताना कोण किती मतांनी जिंकले याच्या जोडीला त्या निवडीला न्यायालयात आव्हान दिले गेले होते का, त्याचे पुढे काय झाले आणि निकालाला किती काळ लागला, हेही छापावे. मागील विधानसभेच्या किती याचिका अजून प्रलंबित आहेत, याची यादी उच्च न्यायालयाकडून मिळवून आपण प्रसिद्ध केलीत, तर सहा महिन्यांच्या मुदतीचे काय होते ते प्रत्येक मतदाराला स्वतः पाहता येईल.

आपला,
एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)