पगारातून कापण्याआधी कामगाराला विचारा

संपादक महोदय,

एका कारखान्याच्या कार्यालयात मी बरीच वर्षे पगारपत्रके तयार केली. महिनाअखेरीस वरून एक चिठ्ठी येई. तिच्यावर कामगाराचे नाव, ‘नुकसान’ एवढा एकच शब्द आणि पुढे आकडा असे. ज्याच्या पगारातून तो आकडा वजा होई, त्याला ते पगाराच्या दिवशीच कळत असे. या वजावटी बेकायदा होत्या हे मला फार उशिरा समजले आणि त्या माझ्या हातून झाल्या याचे आजही वाईट वाटते.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहिता, 2019 ने 1936 च्या वेतन प्रदान कायद्याची जागा घेतली असली, तरी मूळ तत्त्व तेच आहे: कायद्याने ज्या वजावटींना परवानगी दिली आहे, तेवढ्याच करता येतात. भविष्य निर्वाह निधी, आयकर, घेतलेली उचल यांबद्दल सहसा तक्रार नसते. घोळ होतो तो खाडे, दंड आणि नुकसान या तिन्हींची सरमिसळ केल्यामुळे.

खाड्याची वजावट गैरहजेरीच्या प्रमाणातच हवी. तीन वेळा पंधरा मिनिटे उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापणे या प्रमाणात बसत नाही. पाऊण तासापलीकडचे जे कापले जाते तो खरे तर दंडच, आणि दंडाचे नियम कडक आहेत. कोणत्या कृतींसाठी दंड होईल याची मंजूर यादी आधी लावलेली असावी लागते, कामगाराला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि एका वेतनकाळातील एकूण दंड त्या काळाच्या वेतनाच्या 3 टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. म्हणजे 18,000 रुपये पगारावर फार तर 540 रुपये. तोही हप्त्याने वसूल करता येत नाही आणि जमा झालेली रक्कम कामगारांच्या हितासाठीच वापरावी लागते.

नुकसानीच्या बाबतीत माझ्यासमोर सर्वाधिक अन्याय झाला. कामगाराच्या ताब्यात दिलेला माल किंवा रोकड त्याच्या निष्काळजीपणामुळे गेली असेल, तरच भरपाई घेता येते; ती प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये आणि आधी त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. गल्ल्यात तूट आली म्हणून पाळीवरच्या सगळ्यांकडून सारखे पैसे कापणे या कसोटीला उतरत नाही, कारण त्यात दोष कुणाचा हे कुणी तपासलेलेच नसते. ‘नेमणुकीच्या वेळी सही दिली होती’ हे उत्तरही पुरेसे नाही; संहितेने दिलेला वेतनाचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरतो. सर्व वजावटी मिळून वेतनाच्या 50 टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाहीत, हेही अनेकांना ठाऊक नसते.

अनधिकृत वजावटीविरुद्ध 3 वर्षांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा करता येतो, वजावट योग्य होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते आणि दाव्याच्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. म्हणून वेतनचिठ्ठीवर ‘इतर वजावट’ असा मोघम रकाना दिसला, तर कामगारांनी त्याचे कारण लेखी मागावे, आणि माझ्यासारखे पगारपत्रक करणारे जे आज त्या खुर्चीत आहेत, त्यांनी कामगाराचे म्हणणे ऐकल्याची नोंद सोबत नसलेली चिठ्ठी परत पाठवावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखनिक