बाबा, यंदा टाकीत उतरू नका

ति. आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, पुढच्या महिन्यात जमिनीखालची टाकी उपसायची आहे आणि बाबा नेहमीप्रमाणे स्वतःच उतरणार आहेत. मी "बरं" म्हणून फोन ठेवला, पण रात्री झोप लागली नाही. बोलून सांगायला गेले असते तर "इतकी वर्षं उतरतोय, काही झालं का?" म्हणून बाबांनी विषय मिटवला असता. म्हणून लिहिते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा.

मागच्या आठवड्यात माझं तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं, बंदिस्त जागेतल्या कामाचं. माणूस आत शिरू शकतो, पण ती वावरण्यासाठी बांधलेली नसते आणि आत-बाहेर करायला एखादंच अडचणीचं तोंड असतं, अशी जागा. टाकी, बॉयलर, मॅनहोल, धान्याचा सायलो, सगळं त्यातच आलं. आपली टाकीसुद्धा.

पहिला दिवस नुसता हवेवर गेला. आपण श्वासात घेतो त्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. तो १९.५ च्या खाली गेला की साध्या माणसाला आत सोडायचं नाही, असा नियम. मला वाटायचं, हवा कमी पडली तर जीव घुसमटेल, कळेल, वर येता येईल. तसं होत नाही. घुसमट जाणवते ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. नुसता ऑक्सिजन कमी असेल तर छातीला काहीच कळत नाही. आधी डोकं चालेनासं होतं, मग पाय, आणि शिडी समोर असून माणूस खाली बसतो. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत तर दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. आणि ऑक्सिजन जायला विषारी काही लागतंच असं नाही. लोखंडी टाकी स्वच्छ धुऊन बंद करून ठेवली, तरी आतला गंजच ऑक्सिजन खातो.

बाबा, तुम्ही उतरण्याआधी दोरीला मेणबत्ती बांधून खाली सोडता, ते मला लहानपणापासून आठवतं. ज्योत टिकली की उतरायचं. ती ज्योत विझते साधारण १६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे धोक्याची रेषा केव्हाच ओलांडल्यावर. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असेल तर ज्योत मजेत जळत राहील. मिथेन असेल तर तीच ज्योत भडका उडवेल, कारण हवेत ५ टक्के मिथेनही त्याला पुरतो. तळाचा गाळ कुजून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या घरात गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं, आणि माणूस उतरतो.

म्हणून आम्ही चार गॅसचं मीटर वापरतो. आधी ऑक्सिजन पाहायचा, मग पेट घेणारा वायू, मग दोन विषारी, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. हा क्रम उगाच नाही. पेट घेणारा वायू मोजणाऱ्या सेन्सरलाच काम करायला ऑक्सिजन लागतो, तो कमी असेल तर आकडा खोटा येतो. नळी वर, मध्ये आणि तळाशी, तिन्हीकडे सोडायची. मिथेन वर जातो, हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो. एकदा मोजून भागत नाही, माणूस आत असेपर्यंत मोजत राहायचं, कारण गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू सुटतो.

आता मुख्य गोष्ट. माझं काम आत जाण्याचं नाही, आई, तेवढी तरी चिंता सोड. मी तोंडाशी उभी राहते. त्याला होल वॉच म्हणतात. आत किती जण, कोण कधी गेलं, हे लिहायचं, सतत बोलत राहायचं, जागा सोडायची नाही. आणि काहीही झालं तरी आपण आत जायचं नाही.

तिसऱ्या दिवशी सराव होता. आमच्यातला एक मुलगा हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे सुरक्षा-पट्टे घालून सरावाच्या टाकीत उतरला. दोन मिनिटं तो उत्तरं देत होता, मग गप्प झाला. मी हाक मारली, पुन्हा मारली. खाली त्याचं पिवळं हेल्मेट भिंतीला टेकलेलं दिसत होतं, एक हातमोजा पालथा पडला होता. वर तिपाईला विंच, म्हणजे दोर गुंडाळून माणसाला वर ओढणारी चरखी होती, तिचा दोर त्याच्या पाठीला जोडलेला होता. मला फक्त हँडल फिरवायचं होतं. मी गुडघ्यावर बसले आणि डोकं-खांदा तोंडातून आत घातला. प्रशिक्षकांनी मागून हेल्मेटवर टकटक केलं. "ताई, तुम्हीही गेलात." त्यांनी फळ्यावर त्याच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. शरीराचा कुठलाही भाग तोंडाच्या आत गेला की तो प्रवेशच धरतात.

मग त्यांनी सांगितलं, अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ सालीच लिहून ठेवलं आहे की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. भाऊ, बाप, सोबती. बाबा, कुणी हाक मारली की धावायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत, आणि मला त्याचा अभिमान आहे. म्हणूनच तर भीती वाटते. तुम्ही आत गप्प झालात तर आई काय करेल? ती उतरेल. तिच्यामागून शेजारचे उतरतील.

म्हणून एवढं ऐका. पाणी वरूनच पंपाने काढा. पेट्रोलवर चालणारा पंप टाकीत उतरवू नका, त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. गाळ राहिला तर राहू दे. कामाला कुणी माणूस आला तर त्यालाही तसाच उतरू देऊ नका, तोही कुणाचा तरी बाप असेल. आणि देव न करो, पण कुणी आत कोसळलंच तर अग्निशमन दलाला फोन करा, तोंडाशी उभं राहून इतरांना अडवा.

मी पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारची रजा टाकली आहे. मीटर, आत ताजी हवा सोडणारा ब्लोअर, हार्नेस आणि तिपाई भाड्याने मिळते, ती घेऊन येते. उतरायला प्रशिक्षण घेतलेला माणूस बोलावला आहे. मी वर उभी राहीन. बाबा, तुम्ही माझ्या शेजारी उभे राहून नोंदवहीत आकडे लिहा, तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

आई, झाकणाच्या कुलपाची किल्ली तुझ्याकडेच असते ना? मी येईपर्यंत ती कुणाला देऊ नकोस, बाबांनासुद्धा.

तुमची,
लेक