मूळ उरलेच नसेल, तर घडवू द्या

प्रति,
संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या मोटारींवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख होती. पण मूळ बॉडी गेलेल्या गाडीला स्वतःच्या मनाचे रूप देणे म्हणजे वारशाची मोडतोड, हे त्यातले मत मला पटले नाही. तशीच एक गाडी आमच्या दारात उभी आहे आणि सध्या तिची बॉडी नव्याने घडते आहे, म्हणून हे पत्र.

गाडी एमजी टीडी, दोन आसनांची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९५१ ची. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५३ पर्यंत अशा सुमारे ३० हजार गाड्या बनल्या. वडिलांनी ती १९७४ मध्ये मुंबईहून आणली, तेव्हाच तिचे १२५० सीसीचे इंजिन गेलेले होते आणि जागी ॲम्बॅसिडरचे बसवलेले होते. (हे १४८९ सीसीचे इंजिन एमजीच्याच पुढच्या ‘एमजीए’ या गाडीतल्या इंजिनाचे भावंड, त्यामुळे ते परके आहे असे आम्ही कधी मानले नाही.) टीडीच्या पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा असतो. तो इथल्या पावसाळ्यांत कुजला, मग सुताराने सागवानी सांगाडा केला. मडगार्ड बदलत गेले. प्रत्येक गॅरेजने आपापली पुट्टी थापली. मागच्या वर्षी रंग खरवडला तर मागच्या कोपऱ्यांवर चुंबक धरेना. आत बोटभर पुट्टी, तिच्याखाली नुसती भोके. चार मडगार्डांपैकी एकच कारखान्यातले निघाले.

आता हिच्यात ‘मूळ’ काय परत आणायचे? परदेशातून तयार पत्रे मागवून बसवता येतात, गाडी हुबेहूब दिसेलही. पण पत्रा आजचा, लाकूड इथले, इंजिन उत्तरपाड्याच्या ॲम्बॅसिडरचे, आणि वर १९५१ ची अस्सल गाडी म्हणून मिरवायचे, हे मला खोटे वाटते. ज्यांच्या गाडीचा मूळ पत्रा शाबूत आहे त्यांनी त्याला हात लावू नये. पोपडे आले असले तरी लावू नये. हे मी लेखकांइतक्याच आग्रहाने म्हणेन. माझे म्हणणे फक्त जिचे मूळ आधीच संपले आहे तिच्यापुरते आहे.

शिवाय एमजीचा इतिहासच बॉडी बदलण्याचा आहे. एमजी म्हणजे ऑक्सफर्डचे मॉरिस गॅरेजेस. तिथे १९२० च्या दशकात सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाडीच्या चॅसिसवर, म्हणजे खालच्या पोलादी सांगाड्यावर, निराळी, देखणी बॉडी चढवून विकायला सुरुवात केली, त्यातून हे नाव उभे राहिले. पुढे १९५१ च्या फ्रान्समधल्या ले माँ शर्यतीसाठी एमजीचे अभियंते सिड एनेव्हर यांनी शर्यतपटू जॉर्ज फिलिप्स यांच्याकरता याच टीडीच्या चॅसिसवर वारा कापणारी घोटीव बॉडी बनवली. त्यात चालक फार उंच बसू लागला, म्हणून चॅसिसच्या बाजूच्या पट्ट्या रुंद करून आसन त्यांच्यामध्ये खाली घेतले गेले, आणि १९५५ ची एमजीए जन्मली. त्या दिवशी कोणी ‘मोडतोड’ म्हणून हातोडा अडवला असता तर ती गाडीच झाली नसती.

आमच्या गाडीला आम्ही मागे निमुळती शेपटी आणि पुढे चाकाबरोबर वळणारे सुटे मडगार्ड देतो आहोत, १९३० च्या दशकातल्या शर्यतीच्या एमजींसारखे. काम करणारे आमचे डेंटर कसलेले आहेत, पण दोन्ही बाजूंनी वळणाऱ्या पत्र्याची त्यांना सवय नव्हती. मग पुण्याच्या तांबट आळीतल्या एका काकांना विचारले. त्यांनी आयुष्यभर बंब आणि घंगाळी मठारली. ते आले, वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने खोलगट करू लागले आणि म्हणाले, “ताई, हे तर घंगाळंच आहे, फक्त लांबट.” ठोकून तांबे कडक होते, तापवले की पुन्हा मऊ पडते. आमचा नवा पत्रा ॲल्युमिनियमचा, त्याचेही तसेच. मात्र तांबे लाल होऊन इशारा देते, ॲल्युमिनियम रंग न बदलता एकदम गळून पडते. पहिला तुकडा तसाच गेला. तेव्हा डेंटरांनी आपली युक्ती दाखवली: पत्र्यावर साबणाची वडी घासायची, ज्योत फिरवायची आणि साबणाची रेघ काळी पडली की थांबायचे. दोन कारागीर एकमेकांकडून शिकताना मी रोज पाहते आहे. तयार पत्रे मागवले असते तर यातले काहीच झाले नसते.

चॅसिस आम्ही कुठेही कापलेली नाही, तिच्यावरचा नंबर जसाच्या तसा आहे. नवी बॉडी जुन्याच बोल्टच्या जागी बसते, म्हणजे उद्या कोणाला टीडीचे मूळ रूप हवे असेल तर वाट मोकळी आहे. निघालेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवला आहे, ते एकमेव अस्सल मडगार्डसुद्धा. पोलादी चॅसिस आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते, म्हणून मध्ये रबराची पट्टी आहे. गाडी कधी विकली तर कागदावर ‘बॉडी पुण्यात, नव्याने’ असेच लिहीन.

अडचण नियमांची आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसेल तरच. ते योग्य आहे, तो मान मला नकोच. पण दुसरीकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले. आमची गाडी आधीही उघडी, दोन आसनांची होती आणि पुढेही तशीच राहील. तरी खात्री करायला गेले तेव्हा एका कार्यालयात उत्पादकाचे पत्र आणा असे सांगितले गेले. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्येच बंद झाला.

ब्रिटनमध्ये मोठे बदल केलेल्या गाड्यांसाठी वर्षानुवर्षे गुणांची पद्धत वापरली गेली: मूळ चॅसिसला ५, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला १. मूळ चॅसिस धरून ८ गुण भरले तर जुना नंबर कायम राहत असे. चॅसिस आणि बॉडी सुट्या असलेल्या गाडीच्या बॉडीला त्यात गुणच नव्हते. आपल्याकडेही असा तिसरा रकाना हवा: ब्रेक, दिवे, वेल्डिंग तपासा, फी घ्या, नोंदवहीत ‘बदललेली बॉडी’ असे स्पष्ट लिहा आणि गाडीला रस्त्यावर येऊ द्या. हा प्रश्न आपल्या वृत्तपत्राने परिवहन खात्यापुढे मांडावा, ही विनंती.

लेखकांनाही मनापासून आमंत्रण आहे. शेपटीचा पत्रा अजून उघडा आहे, मठारल्याच्या खुणा हाताला लागतात. रंग दिवाळीनंतर चढेल, त्याआधी यावे.

आपली,
एक वाचक, पुणे