आवाहन : एस.टी.पी.च्या (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) टाकीसाठी नवे ब्लोअर आणि वर उचलता येणारे डिफ्युझर

सर्व सभासद बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

गेले पंधरा दिवस सी विंगच्या मागून जाताना सगळेच नाकाला रुमाल लावत आहेत. वास कचऱ्याचा नाही, आपल्या एस.टी.पी.चा आहे.

2016 चा उन्हाळा आठवा. पुण्यात एक दिवसाआड पाणी येत होते, पण आपली बाग हिरवी होती, कारण आपलेच सांडपाणी शुद्ध होऊन झाडांना आणि फ्लशला मिळत होते. याचे श्रेय बी विंगमधल्या आपल्या निवृत्त अभियंता काकांना. रोज सकाळी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात टाकीतले पाणी घ्यायचे, अर्धा तास थांबायचे, खाली गाळ किती बसला ते वहीत लिहायचे. अशी सात वर्षे! आता गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नाही, तरी ऑपरेटरला फोन करून "आज गाळ किती बसला?" हे विचारल्याशिवाय चहा घेत नाहीत. महिला मंडळाने भोंडल्याच्या शिल्लक रकमेतून ब्लोअरच्या (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राच्या) मोटरचे वाइंडिंग करून दिले होते. ए विंगमधल्या एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ पाण्यातला प्राणवायू मोजायचे मीटर दिले. त्यांनी नाव छापू नका सांगितले आहे, पण आम्ही विसरलेलो नाही.

त्याच मीटरवर गेल्या रविवारी आकडा आला लिटरला 0.4 मिलिग्रॅम. तो 2 च्या आसपास हवा. टाकीतले जिवाणू घाण खातात ते हवेच्या जोरावर. हवा कमी पडली की ते मरतात आणि पाणी कुजते. आम्ही चौघे तंत्रज्ञासोबत तासभर टाकीच्या काठावर उभे होतो. एका कोपऱ्यात मोठमोठे बुडबुडे उसळत होते, म्हणजे तिथल्या डिफ्युझरची (हवेचे बारीक बुडबुडे करणाऱ्या, तळाशी बसवलेल्या चकतीची) रबरी पडदी फाटली आहे. उरलेली टाकी जवळजवळ निपचित. चालू ब्लोअरचे पट्टे सैल, एअर फिल्टर चोंदलेला. राखीव ब्लोअर तर हाताने फिरतही नाही.

स्वस्तातला पर्याय होता : तळाला पक्के बसवलेले डिफ्युझर. पण ते बिघडले की टाकी उपसून माणूस आत उतरवावा लागतो. अशा टाक्यांतल्या विषारी वायूने माणसे मरतात, हे आपण पेपरात वाचतो. आपल्या सोसायटीत हे होऊ द्यायचे नाही, म्हणून चौकटीसकट साखळीने वर ओढता येणारे डिफ्युझर ठरवले आहेत. खर्च वाढला तो यामुळे, आणि त्याबद्दल समितीला जराही पश्चात्ताप नाही.

मनाला लागले ते वेगळेच. या विषयावरच्या विशेष सभेला 132 फ्लॅटपैकी 19 जण आले. कोरमअभावी अर्धा तास सभा तहकूब करून मग घ्यावी लागली. वासाबद्दलचे मेसेज मात्र त्या रात्री साठच्या वर होते. गणपतीची वर्गणी आपल्याकडे दोन दिवसांत जमते, याचा अभिमानच आहे. तसेच मन इथेही दाखवा, एवढेच म्हणणे.

एकूण खर्च 6,40,000 रुपये (दोन ब्लोअर, डिफ्युझर, पाइप, मजुरी धरून). दुरुस्ती निधीतून 3,00,000. बाकीसाठी प्रत्येक फ्लॅटमागे किमान 2,600 रुपये, जास्त दिल्यास आनंदच. येत्या 10 तारखेपर्यंत मेंटेनन्सच्याच खात्यात भरावेत, शेऱ्यात "एस.टी.पी." व फ्लॅट नंबर, चेक ऑफिसात, सायंकाळी 6 ते 8, पावती लगेच. ज्यांना सध्या जमत नाही त्यांनी मला एकटे गाठून सांगावे, हप्ते करू. बसवण्याच्या दोन दिवसांत वॉशिंग मशीन लावू नये. शिवाय चार सभासद हवे आहेत : डिफ्युझरवर वीतभर स्वच्छ पाणी भरून सगळीकडे सारखे बुडबुडे येतात का, चकत्या एका पातळीत आहेत का, सांध्यांना साबणाचे पाणी लावल्यावर फेस येतो का, हे काठावरून बघायचे. या चौघांच्या सह्या झाल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल निघणार नाही. काका बाल्कनीतून लक्ष ठेवणार आहेत. नावे ऑफिसात द्या.

आपला,
सचिव, व्यवस्थापक समितीकरिता