पर्ससकट बसा म्हणणाऱ्या त्या पोराला

बेटा,

तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं. मानेवाडा रोडवरच्या सीट कव्हर आणि स्टिरिओच्या दुकानात तू असतोस, आणि मी म्हणजे मे महिन्यात भर दुपारी दीड वाजता गाडी घेऊन आलेली ती काकू, जिचा फोन गाडीच्या ब्लूटूथला लागत नव्हता. आठवलं का?

दर शनिवारी मी एकटी वर्ध्याला जाते, आई तिथे असते, नव्वदीची आहे, आणि तिच्याजवळ राहणाऱ्या बाईचा फोन कधीही येतो. बुटीबोरी गेलं की फोन पर्समध्ये वाजून राहिला आणि गाडीच्या स्पीकरमधून चकार शब्द नाही, स्क्रीनवर मात्र ठसठशीत "कनेक्टेड"! हातात धरून बोललं तर चालान बसतं ते वेगळं, पण त्या ट्रकांच्या मधून माझी हिंमतच नाही होत. मग गाडी बाजूला घ्या, परत फोन लावा, तोवर ती बाई आईला जेवू घालायला गेलेली, उचलणार कोण, आणि माझा जीव वर्धा येईपर्यंत टांगलेला.

एका मोठ्या एसी सर्व्हिस सेंटरला तीनदा गेले. नाव नाही घेत, जाऊ दे. तिन्ही वेळा फोन आणि चाबी माझ्या हातातून घेतली, मला आत सोफ्यावर बसवलं, चहा दिला आणि अर्ध्या तासाने "मॅडम, आमच्याकडे तर चालून राहिलं." तिसऱ्या वेळी तर तो सुपरवायझर म्हणे स्टिरिओच बदला, बावीस हजार. आणि पाहिलं असं की या बाईला बटणं दाबता येत नसतील. अरे ३१ वर्षं इतिहास शिकवला मी! ब्लूटूथ हे नाव डेन्मार्कच्या दहाव्या शतकातल्या हॅराल्ड राजाचं आहे हे त्यालाच शिकवलं असतं, पण राग आला की मला मेलं वेळेवर काही सुचत नाही. भाचा पुण्याहून म्हणाला मावशी रीस्टार्ट कर. केलं. एका दुकानदाराने केबल विकली, ती नुसती चार्जिंगची निघाली.

आणि तू? तू माझा फोन हातातच घेतला नाहीस. म्हणालास, "काकू, तुम्ही रोज जशा बसता तशाच बसा, पर्ससकट." बाजूच्या सीटवर तू बसलास, बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, आणि दोन मिनिटात स्क्रीनकडे पाहून विचारलंस, "हा बुढाऊ कोण?"

गाडीने फोन धरला होता बाबा, फक्त माझा नाही. बुढाऊ म्हणजे आमच्या ह्यांचा फोन, मुलीने मस्करीत ठेवलेलं नाव. बँकेचे ओटीपी अजून त्यावरच येतात म्हणून तो चालू, माझ्या पर्समध्ये. गाडी त्यांची, तिला त्यांचाच फोन आधी ओळखीचा, आणि कॉलसाठी तिला एका वेळी एकच लागतो. सर्व्हिस सेंटरमध्ये पर्स माझ्यासोबत आत सोफ्यावर असायची, मग तिथे चालणारच ना! तीन वेळा कोणालाच वाटलं नाही की बाईला गाडीत बसवून पाहावं.

पण हे पत्र त्यासाठी नाही लिहून राहिले मी. तुझं बोट डिलीटवर गेलं होतं, मी पाहिलं. मी एवढंच म्हटलं की ते दिवाळीपासून नाहीत. तू बोट उचललंस. सॉरी वगैरे काही नाही, नुसतं म्हणालास, "मग नाव राहू द्या काकू. तुमचा फोन वर घेतो, हे खाली राहील."

बेटा, दिवाळीपासून मी जिथे जाते तिथे त्यांचं नाव कमी करायचाच अर्ज भरते. रेशन कार्डातून नाव कमी करा, गॅसचं कार्ड बदला, बँकेत जॉइंट खात्यावरून काढा, सोसायटीच्या पाटीवरूनही कोणीतरी खोडून टाकलं, मला न विचारता. नियम आहे, करावंच लागतं, मला काय समजत नाही का. पण "राहू द्या" म्हणणारा तू पहिला. हे कोणत्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील असं मला नाही वाटत, तुझ्या आईने शिकवलं असेल नाहीतर तू असाच असशील.

शंभर रुपये घेतलेस ते बरं केलंस, फुकटात केलं असतंस तर परत यायला मला लाज वाटली असती.

परवा बुटीबोरीच्या पुढे फोन आला, अख्ख्या गाडीत त्या बाईचा आवाज, "आई जेवल्या, तुमची वाट पाहून राहिल्या." मी दुकानात सांगायला आले होते तर तू सुट्टीवर. मालकाजवळ चकल्यांचा डबा ठेवला आहे, विचारून घे, ते विसरभोळे दिसले. आणि डबा परत दे बरं, स्टीलचा आहे, झाकणावर ह्यांचं नाव कोरलेलं आहे.

तुझी,
पर्सवाली काकू