संगीताचा तास आणि मुलांचे पाय

मा. संपादक,

स. न. वि. वि.

संगीताच्या तासाला मुलांना चालायला, नाचायला लावणे म्हणजे वेळ घालवणे, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात वाचले. गाणे ही मांडी घालून शिकायची विद्या आहे आणि नाचायची हौस फेडायला गॅदरिंग आहेच, असा एकंदर सूर. मी शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले आणि घरी अजून शिकवते, त्यामुळे गप्प बसवले नाही.

गॅदरिंगचा मुद्दा आधी संपवते, कारण तिथे माझे त्या वाचकाशी फारसे भांडण नाही. रेकॉर्ड लावायची, स्टेप्स घोटून घ्यायच्या, विंगेत उभे राहून बाईंनी हातवारे करायचे, याने संगीत येत नाही. तिथे मूल ऐकत नसते, पुढची स्टेप आठवत असते. मध्येच रेकॉर्ड बंद पडली तरी चार मुले नाचतच राहतात. मी म्हणते ती हालचाल ऐकण्यातून निघते. तबला चालला की चालायचे, दुगुन झाली की पावले दुप्पट, बोल थांबला की जागच्या जागी थांबायचे. बघायला फार सुंदर दिसत नाही, आणि दिसायची गरजही नाही.

आता रूपक हा ताल घ्या. सात मात्रा, म्हणजे सात ठोके, तीन-दोन-दोन असे. फळ्यावर लिहिला की मुले पाच मिनिटांत पाठ करतात आणि पुढच्या आठवड्यापर्यंत विसरतात. तोच रूपक मोकळ्या जागेत चालवून पाहा. एका मात्रेला एक पाऊल, उजव्यापासून सुरुवात. पहिली सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, उजव्या पायावर पडते. मात्रा सात, पाय दोन, त्यामुळे पुढची सम डाव्यावर येते, त्यापुढची पुन्हा उजव्यावर. हे आधी सांगायचे नाही. तालाच्या दोन-तीन फेऱ्या, म्हणजे आवर्तने, होतात आणि एखादी मुलगी ओरडते, ‘‘बाई, पाय बदलला!’’ मग तीच मुले सोळा मात्रांच्या तीनतालात समेला पाय का बदलत नाही, ते स्वतः शोधून काढतात. झपताल आणखी मजेचा. दहा मात्रा, म्हणून सम कायम उजव्यावर. पण ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात मोकळा दाखवायची जागा, सहाव्या मात्रेवर, म्हणजे डाव्या पायावर येते. तालाचे दोन अर्धे दोन वेगळ्या पायांवर उभे राहतात. झपतालाचा झोल म्हणतात तो हाच, हे मी व्याख्या सांगून कधीही समजावू शकले नसते.

चेंडूचाही असाच उपयोग होतो. मुले गोलात उभी करायची, तीनताल म्हणायचा आणि समेला चेंडू समोरच्याच्या हातात पडला पाहिजे एवढीच अट घालायची. सुरुवातीला बहुतेक जण समेचा ‘धा’ म्हणताना चेंडू सोडतात आणि तो पोचेपर्यंत दुसरी मात्रा उलटून जाते. हळूहळू कळते की सोळाव्या मात्रेलाच, किंवा अंतर जास्त असेल तर त्याच्याही आधी, तो हातातून सुटायला हवा. समेवर येणे म्हणजे समेच्या आधीपासून तिकडे निघणे. गवय्याला तिहाई घेताना, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येताना, हेच करावे लागते, आणि शिकाऊ गायकाची तिहाई इथेच चुकते. मात्रा त्याने बरोबर मोजलेल्या असतात, निघायला उशीर झालेला असतो.

हे खूळ आजकालचे आहे असेही त्या पत्रात सुचवले होते. तसे नाही. एमिल जाक-दालक्रोझ हे १८९२ पासून जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात हार्मनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांची रचना, शिकवत होते. त्यांचे विद्यार्थी वाद्यावर तयार होते, पण कागदावर स्वतः लिहिलेले स्वरसमूह त्यांना मनात ऐकू येत नव्हते. हीच मुले गाणे ऐकताना पायाने ठेका मात्र आपसूक धरत. त्यातून दालक्रोझ यांनी चालणे, थांबणे, वळणे यांवर आधारलेली आपली पद्धत घडवली. १९१५ मध्ये जिनिव्हात त्यासाठी संस्था निघाली. म्युनिकमध्ये कार्ल ऑर्फ यांनी १९२४ मध्ये डोरोथी ग्युंथर यांच्याबरोबर संगीत आणि नृत्य एकत्र शिकवणारी शाळा काढली, तीही पुढे नावाजली. एवढ्या लांब कशाला, आपला कथकचा विद्यार्थी पढंत करतो तेव्हा तोंडाने बोल, हाताने टाळी-खाली आणि नंतर तेच बोल पायात, हे सगळे एकाच तालमीत चालते. लयीत पक्का माणूस बघायचा असेल तर कथकच्या वर्गात जाऊन बघावा. गाण्याच्या वर्गात मात्र आपण मुलांना हाताची घडी घालायला सांगतो.

कॅनडात जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. ठोका एकच, त्यात कुठेही आघात नाही. काही बाळांना दर दुसऱ्या मात्रेला झुलवले, काहींना दर तिसऱ्या. नंतर आघात असलेले दोन्ही प्रकार ऐकवले, तर जे बाळ जसे झुलले होते तसेच ते जास्त वेळ ऐकत राहिले. डोळे बांधूनही हेच झाले. दुसऱ्याला झुलताना नुसते पाहिलेल्या बाळांत मात्र हा कल दिसला नाही. मूल बघून नाही, स्वतः हलून शिकते, यासाठी मला याहून जास्त पुरावा नको.

लयीइतकेच स्वरातही शरीर उपयोगी पडते, पण तिथे जपून. आरोहाला हात वर, अवरोहाला खाली, हे ठीक. लहानांना मंद्र-तार कळायला पुरते. खरा फायदा मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यात. पंचमावरून गंधारावर मींडेने यायचे तर मुले मधले सोडून थेट गंधारावर उडी मारतात. तेव्हा मी त्यांना हाताने हवेत एक लांब रेघ ओढायला सांगते, न तुटता, न थांबता, आणि आवाज हाताच्या मागे न्यायला सांगते. हात सावकाश आला की गळाही सावकाश येतो. एकदा जमले की हात बंद करायचा, नाहीतर तो आयुष्यभराची सवय होऊन बसतो. मैफलीत काहींचे हातवारे पाहून आपण हसतो ते उगाच नाही.

अडचणी नाहीत असे मी म्हणत नाही. बाके सरकवावी लागतात, शेजारच्या वर्गातून तक्रार येते. आठवी-नववीतली मुले लाजतात. त्यांना नाचा म्हणू नये, भिंतीकडे तोंड करून नुसते वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकायला सांगावे, काम होते. चालता न येणाऱ्या मुलाने खांद्याने, मानेने, बोटाने लय धरली तरी ती लयच आहे. लहान मुलांचा स्वतःचा ठेका आपल्यापेक्षा जलद असतो, म्हणून पहिले दिवस लय त्यांच्या चालीवरून घ्यावी. विलंबित, म्हणजे अगदी संथ लय, सगळ्यात शेवटी. दोन मात्रांमधली मोठी पोकळी भरायला मोठ्यांनाही जमत नाही, पोरांना कुठून जमणार?

माझी सूचना परीक्षकांना आहे. प्रात्यक्षिकात ‘हातावर ताल दाखवून ठाय (मूळ लयीत) आणि दुगुन म्हणा’ हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो आणि मुले तो पाढ्यासारखा म्हणून मोकळी होतात. त्याऐवजी मुलाला ताल म्हणत चालायला सांगा. एका आवर्तनानंतर तोंड बंद, फक्त पाय चालू. आणखी दोन आवर्तने मनात, आणि मग बरोबर समेवर बोलायला सुरुवात. सम कुठल्या पायावर आली तेही विचारा. याला काही साहित्य लागत नाही, एका मुलाला दोन मिनिटेही लागत नाहीत. फक्त परीक्षकांनी प्रश्न विचारण्याआधी तो एकदा स्वतः चालून बघावा, रूपकात.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका