‘हे फडकं कुणी बांधलंय?’ – आमच्या प्लंबरभाऊंना पत्र

प्लंबरभाऊ,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले, तर “काय ताई, कामच आहे ते आपलं” म्हणून तुम्ही फोन ठेवून दिलात. मागे कुणाची तरी भिंत फोडायचा आवाज चालू होता. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. तुमची मुलगी मराठी शाळेत आहे म्हणालात, ती वाचून दाखवेल.

तुमच्याआधी येऊन गेलेल्यांचा उद्धार केल्याशिवाय मला पुढे लिहवणार नाही. आमच्या मुलुंडच्या घरातला सिंकचा नळ सासऱ्यांच्या हातचा. पितळी, जुन्या चालीचा. चावी गरगर फिरवत राहा, तेव्हा कुठे धार सुरू होणार. बंद करताना पुन्हा जोर लावून आवळा, कारण आत रबरी वॉशर. तो झिजला की नळ गळतो, गळतो म्हणून आपण आणखी आवळतो आणि आवळल्यामुळे तो आणखी झिजतो. धडधाकट माणसाचं यात काही अडत नाही. पण सासूबाईंच्या बोटांत संधिवात शिरला आणि त्या नळापुढे त्या हात टेकायला लागल्या. मी ऑफिसात असले की नळ बारीक सोडून ठेवायच्या. म्हणजे इकडे बातम्यांत तानसा-भातसात किती पाणी उरलं ते सांगताहेत, आणि तिकडे आमच्या मोरीत ते चाललंय वाहून. मी चिडायची. त्या गप्प बसायच्या.

अ‍ॅपवरून आलेला मुलगा बुटांसकट थेट ओट्यापाशी. “पूर्ण लाइन बदलावी लागेल मॅडम, टाइल्स तोडाव्या लागतील.” त्याने नळाला हातसुद्धा लावला नव्हता! शोरूमवाल्याने तर आम्हाला ओढून घ्यायचा शॉवरवाला मिक्सर गळ्यात मारायचा चंग बांधला होता. त्यासाठी ग्रॅनाइटला भोक पाडायचं, गरम पाण्याची वेगळी लाइन टाकायची. अहो, आमच्या भिंतीतून एकच लाइन येते, तीही थंड. शेजाऱ्यांनी ‘आपला माणूस’ म्हणून पाठवलेले गृहस्थ मात्र बोलायला गोड. “उद्या येतो वहिनी” म्हणून गेले, ते गेलेच. त्यांचा उद्या अजून उजाडायचाय.

मग तुम्ही आलात. चपला बाहेर काढल्यात, पिशवी खाली ठेवलीत आणि नळाकडे बघत नुसते उभे राहिलात. चावीला आईंनी जुन्या साडीची पट्टी गुंडाळून गाठ मारली होती, पकड यावी म्हणून. ओली, हळदीचे डाग पडलेली, कडेने दोरे सुटलेली. अ‍ॅपवाल्याने तिच्याकडे बघून नाक मुरडलं होतं. खरं सांगायचं तर पाहुणे यायचे असले की मीसुद्धा ती सोडून ठेवायची. तुम्ही ती दोन बोटांनी चाचपलीत आणि विचारलंत, “हे फडकं कुणी बांधलंय?”

भाऊ, एवढा एकच प्रश्न. नळ कुठल्या कंपनीचा, बजेट किती, हे सगळं नंतर.

आई आतल्या खोलीतून म्हणाल्या, “मी बांधलंय.” तुम्ही त्यांना बाहेर बोलावलंत. “मावशी, जरा इथे उभ्या राहा. भांडी घासताना हात कसा जातो ते दाखवा.” आईंनी हात पुढे केला, मूठ काही मिटली नाही. मग ओशाळून त्यांनी मनगटाने चावी ढकलून दाखवली. आजवर घरात आलेला प्रत्येक जण माझ्याशी किंवा ह्यांच्याशी बोलत होता. नळ वापरणारं माणूस दाराआड उभं आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं. तुम्ही त्यांच्या मनगटाकडे बघून म्हणालात, “मग बोटं लागतील असा नळ बघायचाच कशाला?”

तुम्ही सुचवलात तो नळ दवाखान्यात पाहिला होता, ऑपरेशनआधी डॉक्टर हात धुतात तिथे. लांब दांडीचा. कोपराने ढकलला की सुरू, ढकलला की बंद. आत रबर नाही, सिरॅमिकच्या चकत्या, त्यामुळे आवळायची भानगडच नाही. वर फिरती मान. हा घरच्या सिंकलाही बसतो, हे शोरूममध्ये कुणी अवाक्षराने बोललं नव्हतं. जुन्याचेच अर्ध्या इंचाचे आटे, त्यामुळे एकही टाइल फुटली नाही. शॉवरवाल्याचा विषय तर तुम्ही वर बोट दाखवून संपवलात. “टाकी तुमच्या डोक्यावरच आहे ताई. त्या शॉवरला प्रेशर लागतं. दहा मीटर उंचीवरून पाणी येईल तेव्हा कुठे एक ‘बार’, म्हणजे प्रेशरचं एक माप. इथे तीन मीटर तरी आहे का?” शेवटच्या मजल्यावर इतकी वर्षं राहून हा हिशोब आम्हाला कुणी सांगितला नव्हता.

पाना, टेफ्लॉन, गंजका पाइप, व्हॉल्व्ह बंद करायला वॉचमनला हुडकणं, हे तुमचं खातं, त्यात मी काय बोलणार. काम झाल्यावर पहिल्यांदा नळ उघडायला तुम्ही मला नाही बोलावलंत. आईंना बोलावलंत. त्यांनी कोपर लावलं, धार पडली. बंद केला. पुन्हा उघडला. पुन्हा बंद केला. तुम्ही हत्यारं आवरत होतात, तुमचं लक्ष नव्हतं, पण आई हसत होत्या.

नणंद परवा म्हणाली, किचन हॉस्पिटलसारखं दिसायला लागलंय. दिसू दे.

तुमचं गाव ओडिशातलं केंद्रापाडा. तिथल्या घराघरांतून माणसं या कामासाठी देशभर जातात, हे तुमच्याकडूनच कळलं. घर इतकं लांब सोडून आलेला माणूस दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरताना चपला काढतो आणि आधी म्हाताऱ्या माणसाची विचारपूस करतो. हे शिकवून येत असेल असं मला वाटत नाही. आमच्या सोसायटीत कोण ‘आपला’ आणि कोण ‘बाहेरचा’ यावर तावातावाने बोलणारे बरेच आहेत. त्यांच्याकडे नळ गळला की मी तुमचाच नंबर देते.

आता कामाचं. बाथरूमच्या नळालाही आईंनी परवा एक पट्टी बांधली आहे. मुद्दाम, मला दिसावी म्हणून. तिथेही तसाच दांडीवाला बसवायचा आहे. रथयात्रेला गावी जाणार म्हणालात, त्याआधी जमेल का तेवढं कळवा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई